एकोणीस नंबरची इस्त्री

सुनेनं ते काळं यंत्र जिजीच्या गळ्यात अडकवलं आणि त्याची गोल चकती कानावर बसवायला हात पुढं केला, तेव्हा जिजीनं मान अशी झटकन मागं घेतली की संग्रहालयाच्या काउंटरपलीकडची मुलगी हसू दाबायला खाली वाकली.

"हे काय? गळ्यात घंटा बांधून फिरवणार आता मला?"

"जिजी, यात बोलतात. वस्तूखाली आकडा असतो, तो यात दाबायचा. मग ती वस्तू काय आहे ते कानात सांगतात."

"माझ्या कानात कुणी शिरायला नको. डोळे आहेत मला."

"हो, पण पाट्या तुम्हाला..."

"वाचता येत नाहीत, म्हण की. घाबरतेस कशाला? सहा वर्षं संसार केलास, अजून वाक्य पुरं करता येईना तुला."

जिजीपुढं वाक्य पुरं करायची वेळ घरात कुणावरच येत नसे. समोरच्यानं सुरुवात करायची आणि शेवट जिजीनं करायचा, अशी वाटणीच होती. डॉक्टर पोटाकडे बोट दाखवून "इथं दुखतं का, की..." म्हणायचा अवकाश, ती त्याला आजार आणि औषध दोन्ही सांगून मोकळी व्हायची.

यंत्र तिनं गळ्यात राहू दिलं. कानाला मात्र लावलं नाही.

धाकट्याकडे, म्हणजे मुलाकडे, ती आठवडाभरासाठी आली होती, आणि गेले तीन दिवस सून तिला शहर दाखवत होती. पहिल्या दिवशी जमिनीखालच्या गाडीकडे जाताना सरकत्या जिन्यापुढं जिजी पाय रोवून उभी राहिली. मागं माणसं तुंबली. "हा जिना जातोय तर जाऊ दे, आपण पुढच्यानं जाऊ," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याच जिन्यावर एका सुटाबुटातल्या माणसाला तिनं हातानं बाजूला सारलं, "घाई असलेल्यांना वाट ठेवायची असते, एवढं कळत नाही?" उंच मनोऱ्यावर जाऊन तिनं शहर पाहिलं आणि म्हणाली, खाली होतं तेच आहे, नुसतं लहान केलंय. चित्रांच्या मोठ्या वाड्यात दगडी पुतळ्यांपुढं ती जरा वेळ थांबली. "हात चांगला बसलाय करणाऱ्याचा," तिनं कबूल केलं, "पण कपड्यांपर्यंत पोचायच्या आत दगड संपला वाटतं." सून हसली, तेव्हा जिजीला बरं वाटलं, पण ते तिनं दाखवलं नाही.

आज जुन्या कामधंद्यांचं संग्रहालय होतं. तीन मजली दगडी इमारत, आत थंडगार, फरशी इतकी घासलेली की जिजीनं चपला हातात घ्यायचा विचार केला. पहिल्या दालनात कंदील, दुसऱ्यात तराजू, तिसऱ्यात शिवणयंत्रं. प्रत्येकापुढं लाल दोरी आणि दोरीपलीकडे, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी हळू बोलणारी माणसं.

"या मोडक्यातोडक्या वस्तू बघायला लोक येतात?" जिजी म्हणाली. "माझ्या माळ्यावर म्हणावं या. दोरीसुद्धा नाही."

चौथ्या दालनाच्या दाराशीच तिची पावलं मंदावली.

लाकडी लांब टेबल. त्यावर जुनी घडी घातलेली चादर, कडेला करपल्याचा तपकिरी त्रिकोण. पाणी शिंपडायचा डबा, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. चिमटा. आणि ओळीनं मांडलेल्या कोळशाच्या इस्त्र्या, पितळी मुठीच्या, लाकडी मुठीच्या, एकीच्या झाकणावर कोंबडा.

जिजीनं पंचवीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं होतं. नवरा गेला तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती, धाकटा चार. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याची इस्त्री हातात घेतली होती. अक्षरं तिला लांबच्या नात्यातल्या माणसांसारखी, चेहऱ्यानं तेवढी ओळखीची; आकडे मात्र घरचे होते. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक आकडा, कॉलरच्या आत शाईनं घातलेला. आकड्यावरून ती माणसाचं घराणं सांगायची.

मधल्या इस्त्रीखाली एकोणीस होता.

"बघू तरी काय चुकीचं सांगतात," असं म्हणून तिनं चकती स्वतःच्या हातानं कानाला लावली, एक आणि नऊ दाबले.

आधी नुसती खरखर आली. मग एक बाई बोलू लागली.

"ही इस्त्री साडेपाच किलोची आहे. हिचं पोट पोकळ असतं. झाकण उघडून आत पेटता... कोळसा भरायचा."

जिजीचा हात लाल दोरीवर पडला. दोरीचा पितळी खांब डुगडुगला.

"इस्त्री किती तापली हे पाहायला तेव्हा काही साधन नव्हतं. मी ज्या घरात वाढले, तिथली बाई इस्त्री उचलून गालाजवळ धरायची. चार बोटांवर. डोळे मिटायची. एरवी ती कशासाठी थांबायची नाही, कुणासाठीही नाही. पण तेवढा वेळ थांबायची. मग म्हणायची, झाली. तिच्या हातून... कपडा जळालेला मी कधी पाहिला नाही."

आवाज संपला. कानात पुन्हा खरखर.

जिजी हलली नाही. तिच्या तोंडावरून कुणी तरी ओलं फडकं फिरवावं तसा सगळा रंग उतरला होता. तिनं पुन्हा एक आणि नऊ दाबले. पुन्हा. चौथ्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले, आणि ते दोन थांबे ऐकले. 'कोळसा'च्या आधीचा. 'कपडा'च्या आधीचा. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई किती सावकाश, किती तोलून बोलते. जिजीला ठाऊक होतं ते काय आहे. तिथं हनुवटी जराशी वर जायची, गळ्यातली शीर ताठ व्हायची, आणि शब्द आतून दार लावून बसायचा.

थोरली.

थोरलीला 'क' येत नसे. बाकी बोलायची बरं, पण नेमक्या हव्या त्या शब्दाला 'क' आला की गाडी थांबलीच. इस्त्रीच्या दुकानातली पोर, आणि तिला ना 'कपडे' म्हणता यायचं, ना 'कोळसा'. जिजी तिच्याऐवजी म्हणून टाकायची. गिऱ्हाईक उभं, इस्त्री तापलेली, वाट बघायला वेळ कुणाला? पोरीनं तोंड उघडायचं, हनुवटी वर न्यायची, की इकडून जिजीनं शब्द फेकलाच. पंधरा वर्षं हे असंच चाललं. पुढंपुढं पोर तोंडच उघडेनाशी झाली. लोक म्हणायचे, थोरली किती शांत आहे. जिजी म्हणायची, माझ्यावर नाही गेली, म्हणून.

तरी पोर शिकली, आणि चोविसाव्या वर्षी तिला शाळेतल्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. जिजी बरोबर गेली. बाहेर बाकावर बसली. दार अर्धवट उघडं होतं. आतल्या चौघांपैकी एकानं विचारलं, तुम्हाला शिकवायचं का आहे? थोरलीनं 'कारण' म्हणायला तोंड उघडलं.

बाहेर बाकावर जिजीला ती शांतता ऐकू आली. तिनं श्वास धरला. मग सोडला. मग तिला राहवेना. छत्रीसकट आत जाऊन तिनं सांगून टाकलं, की तिला लहान मुलं आवडतात, अक्षर मोत्यासारखं आहे, वर्गात पहिली यायची, आणि आईला हातभार लावायचाय तिला. चौघं हसले. वाईट नव्हते हसले. त्यांच्यातला एक तर म्हणाला, नोकरी आईलाच द्यावी.

थोरलीनं आपले कागद गोळा केले. बसथांब्यापर्यंत पुढं चालत राहिली. तिथं म्हणाली, "मी पुढं... काय बोलणार होते, ते तुला आता कधीच समजायचं नाही." आणि समोर आलेल्या बसमध्ये चढली. ती बस घराकडे जाणारी नव्हती.

त्याला बारा वर्षं झाली. धाकट्याकडे तिची खबर असायची हे जिजीला माहीत होतं, पण तिनं त्याला बजावलं होतं की माझ्यासमोर नाव काढायचं नाही. आधी तिनं यावं. मी मदतच केली होती. हे 'मी मदतच केली होती' जिजीनं बारा वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते ऐकणाऱ्यालाही तोंडपाठ झालं होतं.

"आजी, आवाज येतोय ना नीट?"

दाराशी खुर्ची टाकून बसलेला राखणदार उठून आला होता. जिजी चकती कानाशी दाबून धरून उभी होती. यंत्र बिघडलं असं त्याला वाटलं.

"ही कोण बोलते?" जिजीनं विचारलं.

"आमच्या बाई. सगळ्या वस्तूंचं त्याच सांगतात यात. गुरुवारी स्वतः फिरवतात लोकांना, आज आहेत. तीन वाजता इथूनच सुरू करतात. थांबा की. लोक मुद्दाम येतात त्यांना ऐकायला."

"कशासाठी?"

त्यानं डोकं खाजवलं. "आता कसं सांगू... घाई नसते त्यांना. माणसाला बरं वाटतं."

जिजीनं वळून सुनेकडे पाहिलं. सून शिवणयंत्रांच्या दालनात उभी होती. एका यंत्राची सुई तिला अचानक फार पाहण्यासारखी वाटत होती.

"इकडे ये."

सून आली.

"तुला ठाऊक होतं."

"मला यांनी एवढंच सांगितलं, की जिजीला गुरुवारी ने."

"गुरुवारी ने! आणि तू आणलंस. यंत्रसुद्धा बांधलंस गळ्यात."

"जिजी, मी खरंच..."

वाक्याचा शेवट जिजीनं केला नाही. सूनच भांबावली. तिला पुढचं काही तयारच करायची सवय नव्हती.

"चल घरी," जिजी म्हणाली.

पदर खोचून ती निघाली. शिवणयंत्रं, तराजू, कंदील. चाल अशी, जणू मागं दुकान पेटलंय. कुणाला भेटायला आलेली नाही मी. मला फसवून आणलंय. ती येऊन पाया पडली असती तर गोष्ट वेगळी होती, आणि इथं काय, मी रांगेत उभी राहून तिला बघायचं? दोरीच्या अलीकडून? हे सगळं ती मनात म्हणत होती, पण हातानं चकती कानाला धरलेलीच होती, आणि वाटेतल्या एकेका वस्तूचा आकडा बोट आपसूक दाबत होतं. सहा. तराजू. "या पारड्याला एक खाच होती, म्हणून..." तीन. "हा... कंदील विझवताना काच आधी..." इतकं सलग बोलताना तिनं थोरलीला जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून?

बाहेरच्या दारातून तिनं पाऊल टाकलं आणि सगळी इमारत किंचाळली.

निदान जिजीला तसं वाटलं. दोन्ही बाजूंचे खांब लाल झाले, कर्कश शिट्टी वाजू लागली, आणि आतली, बाहेरची, पायऱ्यांवर बसून पाव खाणारी सगळी माणसं तिच्याकडे बघू लागली. काउंटरवरची मुलगी धावत आली.

"आजी, यंत्र! यंत्र द्यायचं राहिलं!"

"चोरून नेत नव्हते मी," जिजी कडाडली. पण ते शब्द नेहमीसारखे जाऊन आदळले नाहीत, तोंडाशीच पडले. मुलीनं तिच्या गळ्यातला पट्टा सोडवायला हात लावला, तेव्हा जिजीनं तो दोन्ही मुठींत गच्च धरला होता.

"द्या ना, आजी."

"थांब जरा."

मुलगी थांबली. सूनही धापा टाकत येऊन थांबली. शिट्टी वाजतच होती. जिजीच्या मुठी सुटेनात. आपल्या हातांकडे ती अशी पाहत होती, जसे ते कुणा दुसऱ्याचे असावेत.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"तीनला पाच कमी," सून म्हणाली. आणि मग, घाबरतच, "आत बसायला बाक आहे."

"मला उभं राहता येतं."

चौथ्या दालनात पंधरा-वीस माणसं जमली होती. कॉलेजची मुलं, एक बाळ घेतलेलं जोडपं, वह्या काढलेल्या दोन बायका, हातात टोपी धरलेले एक सज्जन म्हातारे गृहस्थ. जिजी सगळ्यांच्या मागं, दारालगतच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सून तिच्या शेजारी उभी राहायला आली, तेव्हा तिनं तिला पुढं ढकललं. "तू जा. ऐक."

थोरली आतल्या बाजूच्या लहान दारानं आली.

चष्मा लागला होता. कानापाशी केस पांढरे झाले होते. अंगावरचा सुती सदरा जिजीनं वरपासून खालपर्यंत पाहिला. उजव्या बाहीची घडी चुकली होती. बाकी अंगानं भरली होती, खांदे सरळ झाले होते. पूर्वी ती खांदे आत घेऊन चालायची, दारातून जाताना दाराची माफी मागावी तशी.

"नमस्कार. आपण टेबलापासून सुरुवात करू," ती म्हणाली. लोक सरकून जवळ आले. तिनं पाण्याचा डबा उचलला, शिंपडून दाखवला. एक थेंब बाळाच्या नाकावर पडला आणि सगळे हसले. जिजीनं भिंतीला तळवे टेकले. ही हसवते. चारचौघांत उभी राहून ही लोकांना हसवते.

"आता ही इस्त्री," थोरली म्हणाली. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली, झाकण उघडलं आणि आतलं पोकळ पोट सगळ्यांना दिसावं म्हणून हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली. तिची नजरही बरोबर फिरली. मुलं, जोडपं, वह्या, टोपी. मग दार.

"यात आधी," ती म्हणाली, आणि तिचं तोंड उघडं राहिलं.

हनुवटी वर गेली.

हा यंत्रातला थांबा नव्हता. हा जुना होता, पुरा, दुकानातला. गळ्याची शीर ताठ झाली. इस्त्रीचं झाकण तिच्या हातात बारीक खुळखुळू लागलं. कॉलेजच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वहीवाल्या बाईची पेन्सिल वर उचललेली, तशीच. बाळसुद्धा गप्प.

जिजीच्या जिभेवर शब्द आलेला होता. दातांच्या मागं, तयार, नुसतं सोडायचं काम. तो सोडला की सगळ्यांची सुटका. तिनं ओठ मिटले आणि वरून हाताची मूठ दाबली.

टोपीवाले गृहस्थ पुढं झुकले. चेहऱ्यावर मोठी माया होती त्यांच्या.

"कोळसा," ते हळूच म्हणाले. "कोळसा घालायचा यात, नाही का?"

"अहो!"

भिंतीपासून आलेल्या त्या आवाजानं सगळी डोकी वळली.

"तुम्हाला कुणी विचारलं? येतंय तिला. कुठं गाडी चुकतेय तुमची? तिला बोलू द्या."

टोपीवाल्यांनी टोपी छातीशी धरली. "मी आपलं मदत म्हणून..."

"ठाऊक आहे," जिजी म्हणाली. एवढंच. पुढं काही तरी येईल म्हणून लोक थांबले, पण तिनं मूठ परत तोंडावर ठेवली होती. सुनेनं दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं होतं.

शांतता लांबत गेली. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, तीही ऐकू आली. कुणी खोकलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. जिजीची मूठ हलली नाही. इतका वेळ या पोरीला लागतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दर वेळी ती आधीच पोचलेली असायची.

"कोळसा," थोरली म्हणाली.

ती जिजीकडे बघत नव्हती. इस्त्रीच्या पोटात बघत होती.

"कोळसा आधी बाहेर पेटवून घ्यायचा. धूर पुरा जाऊ द्यायचा. नाहीतर पांढऱ्यावर डाग पडतो, आणि तो निघत नाही." तिनं श्वास घेतला. इस्त्री टेबलावर ठेवली, झाकण लावलं, मुठीवरून एकदा हात फिरवला. "पुढचं बघायला जवळ यावं लागेल तुम्हाला. मागं जे उभे असतील, त्यांनी पुढं या. इथून नीट दिसतं."

लोकांनी मधून वाट करून दिली.

मागं जिजीशिवाय कुणी नव्हतं.